फ्लॅट पेडल फक्त नवशिक्यांसाठी? छे!

माउंटन बाइक घेतली की सल्ला ठरलेला: ‘फ्लॅट पेडल (ज्यावर पाय नुसता ठेवायचा) शिकेपर्यंत ठीक, पुढे क्लिपलेस (ज्यात बूट अडकतो) घ्या, त्यात पाय वर ओढूनही ताकद लावता येते.’ पण नेहमीच्या पेडलिंगमध्ये जवळजवळ सगळी ताकद खाली दाबतानाच लागते. वर येणारा पाय फार तर स्वतःचं वजन उचलतो. ऑस्ट्रेलियाचा माउंटन बाइक रेसर सॅम हिल याने २००६, २००७ आणि २०१० ची डाउनहिल विश्वविजेतेपदं फ्लॅट पेडलवरच जिंकली.

पाय निसटतो तो बहुतेक वेळा बुटामुळे. ट्रेकिंगच्या बुटांच्या खोल खाचांत पेडलच्या पिना (पकडीसाठीचे छोटे धातूचे खिळे) धड रुतत नाहीत, रनिंगचे बूट फारच लवचिक. सपाट, मऊ रबरी तळ हवा. दगडधोंड्यांवर टाच थोडी खाली ठेवा, म्हणजे धक्क्याने पाय उडण्याऐवजी पेडलवर दाबला जातो.

पेडल साधारण १००-११० मिमी लांब-रुंद, मध्ये किंचित खोलगट असावं. पिना ४-५ मिमी उंच पुरतात. मधल्या पिना कडेच्यांपेक्षा वर आल्या तर खोलगटपणाचा उपयोगच संपतो; त्या आखूड करा. पिना मागच्या बाजूने बसणाऱ्या घ्या: दगडावर टोक झिजलं तरी ॲलन कीची खाच शाबूत राहते आणि पीन निघते. (पिनांनी नडगी सोलते हे मात्र खरं आहे, पॅड घालाच.)

बसवताना आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जबरदस्ती केली की क्रँकचे (पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे) आटे गेलेच.