हळदीनं कॅन्सर बरा होत नाही ओ
सांगलीत हळदीचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, हळदीनं कॅन्सर बरा होतो, आणि काहीजण तर पेशंटला केमो सोडायला लावतात, हे फार धोक्याचं आहे. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याला औषधी म्हणतात तो पिवळा घटक, असतं जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास आणि तेही रक्तात फारसं पोचतच नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या टीमनं २०१७ ला आढावा घेतला, कर्क्युमिनच्या माणसांवर १२० च्या वर ट्रायल झालेल्या, पण प्लासिबोशी (म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीशी) नीट तुलना केलेली एकही यशस्वी नाही. मग लॅबमध्ये रिझल्ट भारी कसे येतात? कर्क्युमिन स्वतःच चमकतं, दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, म्हणून टेस्टच फसते. आपली राजापुरी हळद भाजीत, दुधात घाला की बिनधास्त, पण कॅप्सूल जपून, त्यानं लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात.