आभाळात दाराला कुलूप लागतं हवेचं

माझी आत्या चोपड्याची. आम्ही तिला फुई म्हणतो. मुलगा बंगळूरला असतो, म्हणून पहिल्यांदाच विमानात बसणार होती. आठवडाभर आधी तिच्या मोबाईलवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला: विमान हवेत, दार सताड उघडं, आत वादळ सुटलेलं, माणसं खुर्चीला घट्ट धरून बसलेली. रात्री साडेदहाला तिचा फोन आला, "आभायमा दार उघडी गयं तं रे भाऊ?"

व्हिडिओ खरा आहे. २६ मे २०२३ रोजी दक्षिण कोरियात देगू विमानतळावर उतरत असलेल्या एअरबस ए३२१ विमानाचं आपत्कालीन दार एका प्रवाशाने उघडलं. विमान तशाच उघड्या दारानिशी धावपट्टीवर टेकलं आणि कोणाचाही जीव गेला नाही. पण व्हिडिओसोबत फिरणारं वाक्य, "कोणीही, कधीही, कितीही उंचीवर दार उघडू शकतो", हे साफ खोटं आहे. ते का खोटं, हे फुईला समजावताना मला आमच्या मळ्यातला हौद आठवला.

केळीच्या बागेला पाणी द्यायला बांधावर सिमेंटचा हौद होता. बुडाशी एक भोक, त्यातून पाणी पाटात जायचं. हे भोक बंद करायला वडील केळीचं सोपट पिळून त्याचा जाड बोळा करायचे आणि हौदात उतरून तो आतल्या बाजूने भोकात बसवायचे. बोळ्याला सुतळी बांधलेली असायची. हौद रिकामा असताना सुतळीला जरा हिसका दिला की बोळा हातात. हौद काठोकाठ भरला की तोच बोळा दोन गडी लागले तरी हलत नसे. आणि बाहेरून ठोकलेला बोळा? हौद अर्धा भरला की सुटून पडायचा. भोक तेच, सोपट तेच. फरक एवढाच की पाण्याचा दाब एका बाजूने बोळ्याला घट्ट करतो आणि दुसऱ्या बाजूने ढकलून देतो.

विमानाचं दार म्हणजे हा आतून बसवलेला बोळा. पाण्याच्या जागी हवा.

३६ हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाव किलोहूनही कमी असतो. त्या हवेत माणूस मिनिटभरही शुद्धीवर टिकणं अवघड. म्हणून इंजिनात दाबली गेलेली हवा थंड करून केबिनमध्ये सोडतात आणि शेपटीकडच्या एका झडपेतून तितकीच बाहेर जाऊ देतात. ही झडप कमी-जास्त उघडून आतला दाब राखला जातो. तो जमिनीवरच्याइतका नसतो, साधारण ८ हजार फुटांवर असावा तितका असतो. म्हणजे विमानात बसलेला माणूस श्वासापुरता कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंचीवर असतो. कानाला दडे बसतात ते त्यामुळेच. तरीही आत दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या आसपास दाब, बाहेर पाव किलोहून कमी. वजाबाकी केली की अर्धा किलोच्या थोडी वर उरते.

अर्धा किलो ऐकायला किरकोळ वाटतं. पण दार केवढं? ए३२० जातीच्या (देगूचं ए३२१ त्याच जातीतलं) विमानाचं पुढचं दार सुमारे १८५ सेंटिमीटर उंच आणि ८१ सेंटिमीटर रुंद. गुणाकार केला की १५ हजार चौरस सेंटिमीटर होतात. त्या प्रत्येकावर अर्धा किलो. एकूण आठ टनांच्या घरात. रावेरहून निघालेल्या ट्रकातली केळी एका दारावर आतून रेलून उभी आहेत, असं समजा.

आता प्रश्न असा की दार जर बाहेर उघडतं, तर हे आठ टन त्याला बाहेर का ढकलून देत नाहीत? मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट इथेच आहे.

घरात आत झाकण बसणारा प्रेशर कुकर असेल तर तो हातात घ्या. झाकण तोंडापेक्षा मोठं असतं. ते तिरकं करून आत घालावं लागतं, मग सरळ करून वर ओढायचं. वाफ धरली की झाकण आतून कडेला घट्ट बसतं आणि वाफ असेपर्यंत ते उघडण्याचा प्रश्नच येत नाही. मुठीवरची कडी फक्त झाकण जागेवर धरून ठेवते, वाफेचा भार झेलते ती भांड्याची कड. बोइंग ७३७ च्या दाराचं तत्त्व हेच. ते आधी थोडं आत येतं, वरच्या-खालच्या पट्ट्या दुमडून लहान होतं, तिरकं होतं आणि मगच चौकटीतून बाहेर जातं. उंचावर ते पहिल्यांदा आत ओढायचं म्हणजे टनांशी झुंज.

ए३२० चं दार जरा वेगळं. त्याच्या दोन्ही कडांना ओळीने खुंट्या आहेत आणि चौकटीवरही तशाच ओळीने खुंट्या आहेत. दार बंद होताना खाली सरकतं आणि त्याची प्रत्येक खुंटी चौकटीच्या खुंटीच्या आतल्या बाजूला येऊन बसते. आतली हवा दार बाहेर ढकलते, म्हणजे खुंटी खुंटीवर दाबते. भार दाराकडून चौकटीकडे जातो, चौकटीकडून विमानाच्या अंगावर पसरतो. कडीच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. तिचं काम एकच, दार वर सरकू न देणं. उघडायचं तर दार आधी वर उचलून सगळ्या खुंट्या एकमेकींपासून सोडवाव्या लागतात, तेव्हाच ते बाहेर जातं. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पाणी तुंबलेलं असताना काढून पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बर्गा उभ्या खाचेत असतो, पाणी त्याला आडवं दाबतं, आणि वर ओढताना जीव जातो. इथे तर आठ टनांनी दाबलेलं दार उचलायचं. माणसाच्या बळाने ते होत नाही.

मग देगूला कसं उघडलं? विमान तेव्हा जमिनीपासून जेमतेम ७०० फुटांवर होतं. उतरताना ती झडप हळूहळू उघडत जाते आणि आत-बाहेरचा फरक जवळजवळ संपतो. हौद रिकामा झाला होता, बोळा हाताने निघाला.

तेवढ्यासाठी किल्लीचं कुलूप का लावत नाहीत, असं फुईनेही विचारलं. कारण हेच दार जमिनीवर आग लागली तर घाबरलेल्या माणसालाही काही सेकंदांत उघडता आलं पाहिजे. नियम असा आहे की निम्मी दारं बंद धरली तरी सगळं विमान ९० सेकंदांत रिकामं करता आलं पाहिजे. किल्ली शोधत बसायला तिथे वेळ नाही. जमिनीवर चटकन उघडणारं आणि उंचावर न उघडणारं, असं एकच दार हवं आहे आणि उंची ओळखणारं कुलूप दाबाच्या फरकातून आपोआप मिळतं. बोइंग ७७७ सारख्या मोठ्या विमानांत वेग ८० नॉटच्या (ताशी सुमारे १५० किलोमीटरच्या) पुढे गेला की विजेवर चालणारी आणखी एक कडी लागते. तीही चांगलीच. (जळगावहून उडणाऱ्या एटीआर विमानाचं मागचं दार खाली पडून त्याच्याच पायऱ्या होतात. त्याची रचना वेगळी, ती इथे घेत नाही.)

हे तत्त्व सोडलं की काय होतं, याची किंमत जगाने मोजली आहे. डीसी-१० विमानाचं सामानाचं दार सरळ बाहेर उघडणारं होतं, जागा वाचावी म्हणून. म्हणजे बाहेरून ठोकलेला बोळा, सारी भिस्त कड्यांवर. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ कड्या पूर्ण न बसलेलं ते दार हवेत उडालं, सामानाच्या कप्प्यातली हवा एकदम निघून गेली, वरच्या केबिनची जमीन खचली आणि तिच्याखालून शेपटीकडे जाणाऱ्या, विमान ताब्यात ठेवणाऱ्या तारा तुटल्या. ३४६ माणसं गेली. दोन वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, याच जातीच्या विमानाचं तेच दार उडालं होतं. तो इशारा पुरेसा मानला गेला नाही, याचा मला आजही राग येतो.

५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत बोइंग ७३७ मॅक्स ९ चं एक न वापरलेलं दार, म्हणजे तिथे कायमची बसवलेली फळी, हवेत निघून गेली. तीही खुंट्यांवरच टेकलेली होती. तिला वर सरकू न देणारे चार बोल्ट कारखान्यातून निघतानाच नव्हते, असं तपासात निघालं. फळी वर सरकली, खुंट्या सुटल्या आणि उरलेलं काम हवेने केलं. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून जीव वाचले.

वाहिन्या मात्र दर दोन महिन्यांनी "हवेत दार उघडण्याचा प्रयत्न, मोठा अनर्थ टळला" असं ओरडतात. विमान कितव्या फुटावर होतं, हे कधीच सांगत नाहीत, आणि सगळा अर्थ त्या एका आकड्यात असतो. दुसऱ्या बाजूला फुईच्या शेजारणीने तिला पर्समध्ये ठेवायला लिंबू दिलं होतं. कित्येक विमान कंपन्या १३ क्रमांकाची रांगच ठेवत नाहीत, तेही त्याच माळेतलं. ते चार बोल्ट लिंबाने बसत नाहीत. ते पाना हातात घेतलेल्या माणसाला बसवावे लागतात आणि दुसऱ्याला तपासावे लागतात. फुईला मी तेवढं रागावून सांगितलं. लिंबू तिने घरीच ठेवलं.

एक गोष्ट मात्र तिला मुद्दाम बघायला सांगितली. ए३२० च्या दाराला छोटी खिडकी असते, तिच्यात एक लाल दिवा असतो. विमान थांबल्यावरही आत दाब उरला असेल तर तो लुकलुकतो. तसं असताना दार उघडलं तर ते उघडणाऱ्यासकट बाहेर फेकलं जाऊ शकतं, म्हणून दिवा लुकलुकत असेल तर हँडलला हात लावायचा नाही, असा दंडक आहे.

बंगळूरला पोचल्यावर तिचा फोन आला. दिवा काही लागला नव्हता. दार उघडताना ती रांग सोडून पुढे जाऊन उभी राहिली होती.

"दार पयले इतकुसं वर गयं," ती म्हणाली, "मंग बाहेर गयं."