अनोळखी खाडीवर गळ टाकण्याआधी
(रॉड-रीळ नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खाडी नवीन असेल तर पहिली फेरी रॉड न घेता करा, तीही ओहोटीला. भरतीचं पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. मासा कुठे थांबणार हे तळ ठरवतो आणि तळ सुकतीलाच, म्हणजे पाणी उतरतानाच दिसतो.

भरतीची वेळ काढायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दिवसा तीच, रात्रीही साधारण तीच, आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. हा हिशोब अंदाजाचा आहे. किनाऱ्याने दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी येते, आणि खाडीत आत जावं तशी उशिरा. तोंडाशी सुकती लागली तरी आतल्या गावाला पाणी चढतच असतं. म्हणून पहिल्या फेरीतच एखाद्या दगडावर पाण्याची खूण धरा आणि तिथली खरी वेळ लिहून ठेवा.

पाहणीला अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जा. उधाणाची ओहोटी सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास असते आणि तेव्हा सर्वांत जास्त तळ उघडा पडतो. बघायचं ते असं: मुख्य पन्हळ (खोल पाण्याची वाट) कुठल्या काठाला लागून जाते, कालवं लागलेले खडक कुठे आहेत, पडलेलं झाड किंवा जुन्या जेटीचे खांब कुठे आहेत, आणि खाजणाची उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) कुठे आहे. उघाडी सापडली तर बाकी थोडं कमी बघितलं तरी चालेल. सुकतीला खाजणातलं पाणी तिथून बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी येते, आणि जिताडा नेमका त्या धारेच्या कडेला, संथ पाण्यात, धारेकडे तोंड करून उभा असतो. गळ धारेत टाकू नका. धार आणि संथ पाणी जिथे मिळतं त्या रेषेवर टाका. तांबोशी मात्र खडक आणि खांब सोडत नाही.

गळ टाकायला त्यानंतरची पंचमी-षष्ठी बरी. उधाणाच्या दिवशी भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी इतकं ओढतं की 60 ग्रॅमचं शिसंही तळाला टिकत नाही, आणि नवख्या माणसाला ओढ कुठली आणि मासा कुठला ते कळत नाही.

जोडणी

रिळावर 30 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी). त्यावर 40 ते 60 ग्रॅमचं सरकतं शिसं, मणी, स्विव्हल (फिरती कडी), आणि पुढे 50 पौंडी तंगुसाचा (नायलॉनच्या दोरीचा) हातभर लीडर, म्हणजे गरीआधीचा तुकडा. लीडर टाळू नका. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. मासा डोकं झटकतो आणि ब्रेड तिथेच कापली जाते. गाठ आवळण्याआधी तंगूस ओला करा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तापते आणि पुढे तिथेच तुटते.

तळाला कालवं असतील तर शिसं सरकतं ठेवू नका. 10 पौंडी तंगुसाच्या वीतभर तुकड्याने ते स्विव्हलला बांधा. अडकलं तर फक्त शिसं जाईल, मासा आणि गरी तुमच्याकडे राहतील.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी किती जोराला सुटावी ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, अंदाजाने लावू नका. ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला लावा, म्हणजे 30 पौंडी ब्रेडला साधारण साडेतीन किलो. स्प्रिंगचा काटा ब्रेडला अडकवून ओढा आणि रीळ साडेतीनला सुटू लागेल इतकं घट्ट करा. तांबोशीसाठी किंचित जास्त चालेल, कारण ती आमिष घेतल्याबरोबर बिळाकडे वळते आणि पहिल्या दोन मीटरमध्येच निकाल लागतो.

जिवंत कोळंबी लावताना तिचं डोकं उजेडात धरा. शिंगाच्या मागे, कवचाखाली एक काळसर ठिपका दिसतो. 2/0 ची गरी त्या ठिपक्याच्या पुढून, शिंगाच्या बुडाशी आडवी घाला. ठिपक्याला टोक लागलं तर कोळंबी तिथेच मरते. नीट लागली तर बराच वेळ पाय हलवत राहते, आणि त्या हालचालीलाच मासा येतो.

जीव जपा

भरती पाठीमागून येते. खडकावर उभे राहण्याआधी मागची घळ किती खोल आहे ते बघा. ती आधी भरते आणि परतीची वाट बंद होते. चिखलात काठी टेकवून चाला. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंश, अर्धा तास तरी बुडवून ठेवा आणि मग दवाखाना गाठा. दुखरा भाग बधिर होतो, म्हणून पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने बघा. वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत. तिथे कमरेभर पाण्यात उतरू नका, मासा काठाशीच साफ करत बसू नका.

जागा करायला तिवरं तोडणं गुन्हा आहे, आणि तिवरं गेली की कोळंबीची पिल्लंही जातात. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत नियम वेगळे आहेत, आधी वनखात्याकडे विचारा. फार मोठा जिताडा सोडून द्यावा अशी आमची विनंती आहे. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठा म्हणजे बहुधा अंड्यांचाच.

मिळालेला मासा

कल्ल्याखाली चिरून रक्त जाऊ द्या. मग कुटलेला बर्फ दोन भाग आणि समुद्राचं स्वच्छ पाणी एक भाग, यात अर्धा तास बुडवा. खारट पाण्यात बर्फ शून्याच्याही थोडा खाली उतरतो, त्यामुळे मासा आतपर्यंत लवकर गार होतो. घरी नेताना किलोला किलो बर्फ धरा, तळाला चार बोटं थर द्या आणि खोक्याचं भोक उघडं ठेवा. वितळलेल्या पाण्यात पडलेला मासा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो.

रीळ त्याच दिवशी गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराचा पाइप मारू नका, त्याने मीठ बेअरिंगमध्ये शिरतं. पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. घट्ट ठेवलेल्या ड्रॅगचे वॉशर दबतात आणि पुढच्या वेळी रीळ झटके देत सुटतं. तसं झालं तर रीळ स्वतः न उघडता आमच्याकडे आणा.