खिटी पडल्याचा आवाज

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुपारी दोनच्या सुमारास सामसूम व्हायची. त्या शांततेत काकांच्या चाकूचा आवाज दोन खोल्या पलीकडे ऐकू यायचा. टक्. काका बोटीवर होते. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरावर त्यांनी तो चाकू घेतला. बोटीवर असताना त्याने दोर कापायचे आणि सुट्टीवर आले की हापूसच्या पेटीची सुतळी. आम्हा मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण उघडताना बघायची होती. आता तो माझ्याकडे आहे, आणि त्या आवाजासाठी मी आजही तो विनाकारण उघडतो.

पात्याच्या बुडाशी 'बक' असं नाव कोरलेलं आहे. मॉडेल ११०, 'फोल्डिंग हंटर'. हा चाकू १९६४ साली बाजारात आला आणि तेव्हापासून त्याची ठेवण जवळपास तीच आहे. दोन्ही टोकांना पितळ, मध्ये काळं लाकूड, पावणेचार इंचांचं पातं, वजन सुमारे २०० ग्रॅम. हॉइट बक नावाचा कॅन्ससमधला एक मुलगा लोहाराकडे उमेदवारी करत होता. १९०२ च्या सुमारास तो झिजलेल्या कानशींपासून चाकू बनवायला लागला. पुढे त्याने मुलाला, अल बकला, हाताशी घेऊन सॅन दिएगोत दुकान थाटलं, आणि ११० आणला तो अलने. हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या माणसाला लांब म्यानातला सुरा कमरेला लटकवून झाडाझुडपांतून चालणं त्रासाचं व्हायचं, आणि खिशातला साधा घडीचा चाकू ऐन कामात बोटांवर मिटायचा. सुऱ्याइतका भक्कम पण घडी होणारा चाकू त्याला हवा होता.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, आणि ते योग्यच झालं. तरीही शिकारीच्या नावाचा हा चाकू शिकार न करणाऱ्या माणसांना साठ वर्षं हवासा वाटतो. मला विचाराल तर याचं कारण जुन्या दिवसांची ओढ नाही. एकमेकांना छेद देणाऱ्या दोन मागण्या एका वस्तूत कशा बसवल्या आहेत हे या चाकूत उघड दिसतं. हातात घेतला की कळतं, आणि कानालाही कळतं.

पहिली मागणी अशी: पातं सहज हललं पाहिजे, आणि अजिबात हलता कामा नये.

आपल्या स्वयंपाकघरात घडीची विळी असते. तिला खिटी नसते, तरी ती नारळ खवताना किंवा भोपळा चिरताना मिटत नाही. कारण आपण विळीवर जो जोर देतो तो पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो, आणि तिथे त्याला आडवायला पाट असतो. साध्या कापण्यात चाकूचंही तसंच होतं. धार खाली, जोर खाली, पातं उघडण्याच्या बाजूला रेटलं जातं. घात होतो तो टोक कशात रुतलं आणि आपण ते ओढायला किंवा वळवायला गेलो की. त्या क्षणी जोर पात्याच्या पाठीवर येतो, आणि साधा चाकू मिटतो. मध्ये बोटं असतात.

११० च्या मुठीच्या पाठीत एक पोलादी दांडी बसवलेली आहे, हीच त्याची खिटी. ती सी-सॉसारखी मधल्या खिळीवर डोलते. मागच्या टोकाखाली कमान, म्हणजे स्प्रिंग, असते. ती ते टोक वर रेटते, म्हणजे पुढचं टोक सतत खाली दाबलेलं राहतं. या पुढच्या टोकाला दातासारखा उंचवटा आहे आणि पात्याच्या बुडाला त्याच मापाची खाच. पातं पूर्ण उघडलं की खाच दाताखाली येते आणि कमानीत साठलेली ऊर्जा दाताला खाचेत आपटते. तोच तो टक्. पितळ आणि पोलाद मिळून २०० ग्रॅमचा भरीव ठोकळा असल्याने आवाज पोकळ येत नाही, दाराची कडी नीट बसल्यासारखा येतो. मिटायचं असेल तर दांडीचं मागचं टोक अंगठ्याने दाबायचं, दात वर उचलला जातो.

आता इथली खरी हुशारी बघा. समजा पात्याच्या टोकाशी पाठीवर १ किलोचा भार पडला. टोक खिळीपासून सुमारे साडेनऊ सेंटिमीटरवर आहे. खाच खिळीपासून ८ मिलिमीटरवर आहे असं धरलं, तर तरफेच्या हिशेबाने दातावर जवळजवळ १२ किलोचा भार येतो. कमानीच्या बळावर एवढा भार पेलायचा म्हटलं तर कमान इतकी ताठ करावी लागेल की अंगठ्याने दाबताच येणार नाही. पण कमानीला तो पेलावा लागतच नाही. दात आणि खाच यांच्या कडा अशा कोनात घासलेल्या असतात की मिटू पाहणारं पातं दांडीला वर उचलत नाही. जोर दांडीच्या लांबीच्या दिशेने जातो आणि मधल्या खिळीवर पडतो. कमानीचं काम फक्त दाताला जागेवर ठेवण्याचं, ओझं वाहतं पोलाद. जुन्या वाड्यांच्या दरवाजांना आडणा असायचा, त्यातही हेच तत्त्व आहे. आडणा जागेवर सरकवायला लहान मुलाचा हात पुरतो, पण बाहेरून धक्के बसले की ते भिंत सोसते.

या कडा किती नेमक्या घासाव्या लागतात याची कल्पना येण्यासाठी नागदेवी स्ट्रीटवर मिळणारे स्वस्त घडीचे चाकू हातात घेऊन बघावेत. पातं उघडून टोक धरून हलवलं की बहुतेकांत बारीकशी खडखड जाणवते. काकांच्या चाकूत पन्नास वर्षांनंतरही ती नाही.

दुसरी मागणी पोलादाकडून आहे, आणि ती जास्त अवघड. धार टिकायला पोलाद कठीण हवं. पण कठीण वस्तू काचेसारखी तडकते, आणि चाकूला तडकून चालत नाही. आपल्या भाषेत लोहार पोलादाला 'पाणी पाजतो' असं म्हणतात. त्या दोन शब्दांत धातुशास्त्राचा एक मोठा अध्याय आहे. पोलाद लालभडक तापवलं की लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि तिच्यात कार्बन मोकळेपणाने विरघळतो. हे पोलाद सावकाश निवलं तर कार्बन बाहेर पडून वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहतं. झटकन निववलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अणूंच्या जाळीत अडकतो, जाळी ताणली जाते, आणि त्या ताणातून काठिण्य येतं. या ताणलेल्या रचनेला मार्टेनसाइट म्हणतात. त्यानंतर पातं दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवतात, म्हणजे थोडा ताण सैलावतो आणि ठिसूळपणा जातो. ११० च्या पात्याचं काठिण्य रॉकवेल सी मापनात ५८ च्या आसपास ठेवतात. हे मोजताना हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादावर दाबतात आणि तो किती खोल रुतला ते बघतात.

११० मध्ये सुरुवातीला ४४० सी नावाचं पोलाद असे. त्यात कार्बन १ टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम सुमारे १७ टक्के. नंतर कंपनीने ४२० एचसी घेतलं. त्यात कार्बन निम्म्याहून कमी आणि क्रोमियम १३ टक्के. कागदावर हे पोलाद हलकं वाटतं आणि जुन्या चाकूंचे शौकीन त्यावर नाराज असतात. मला ती नाराजी पटत नाही. ४४० सी मध्ये कार्बन आणि क्रोमियमचे मोठे, अतिकठीण कण तयार होतात. ते झीज रोखतात खरे, पण धार लावताना तेच आडवे येतात. आमच्या गल्लीत सायकलवर चाक लावून येणारे धारवाले एकदा हा चाकू चाकावर धरून म्हणाले होते, "याचं पोलाद हट्टी आहे, साहेब." ४२० एचसीत हे कण बारीक आणि मोजके असतात. नीट पाणी पाजलेलं असेल तर ते घरच्या दगडावरही सहज धार घेतं. पोलादाच्या नावापेक्षा त्याचं पाणी मोठं.

इथे मुंबईचा एक धागा येतो, आणि तो शाळेतच कळायला हवा होता असं मला फार वाटतं. १७९० च्या दशकात मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचे डॉक्टर होते. त्यांनी इथून भारतीय पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची तपासणी केली आणि १७९५ साली निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनतं आणि तिथे त्याला 'वूट्झ' म्हणतात असं लिहिलेलं आहे. खरं तर ते दक्षिणेतल्या मुशींमधून यायचं, मुंबई त्याचं बंदर. त्यातून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकूवाल्याने एक छोटा चाकू घडवला आणि तो या पोलादाच्या प्रेमात पडला. पुढे हाच स्टोडार्ट मायकेल फॅरेडेबरोबर पोलादाची वेगवेगळी मिश्रणं करत बसला. फॅरेडे लोहाराचा मुलगा. १८२२ च्या त्यांच्या निबंधात पोलादात क्रोमियम मिसळल्याच्या नोंदी आहेत. न गंजणाऱ्या चाकूपर्यंत पोहोचायला मात्र १९१३ उजाडलं. शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधत होता, आणि सुमारे १३ टक्के क्रोमियमचं त्याचं मिश्रण गंजत नाही असं त्याच्या लक्षात आलं. त्या पोलादाचा पहिला मोठा उपयोग जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांसाठी झाला.

न गंजणारं म्हणजे कधीच न गंजणारं नव्हे, हे मुंबईच्या पावसाळ्याने मला शिकवलं. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार करतं. ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. पण समुद्राच्या हवेतल्या मिठातलं क्लोराइड या पापुद्र्याला जागोजागी भोकं पाडतं. शिवाय जे क्रोमियम कार्बनबरोबर कणांत अडकलेलं आहे ते पापुद्र्याच्या कामी येत नाही. त्यामुळे १७ टक्क्यांचं ४४० सी वाटतं तितकं गंजरोधक नसतं. एका जुलैत मी काकांचा चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून विसरलो. चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली आम्लं त्यात उरलेली असतात. गणपतीत काढला तेव्हा पितळेवर हिरवी भुकटी होती आणि पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे चार काळे खड्डे. पितळ आईने चिंचेने घासून तासाभरात उजळलं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्याचे क्षार विरघळवतं, देवघरातल्या समया आपण अशाच घासतो. खड्डे मात्र अजून आहेत. तेव्हापासून पावसाळ्यात म्यान वेगळं आणि चाकू वेगळा. पात्याला कापडाने खोबरेल तेलाचा हात दिलेला असतो.

मुठीचं लाकूड आबनुसाचं. हे पाण्यात बुडतं इतकं दाट असतं. आबनूस परका वाटतो, पण विदर्भाच्या जंगलातला तेंदू त्याचा सख्खा. दोघांचा वनस्पतिशास्त्रीय वंश एकच, डायोस्पायरॉस. एकाच्या पानांत बिडी वळतात, दुसऱ्याच्या गाभ्यात मूठ कोरतात.

राहिली धार. धार म्हणजे पृष्ठभाग जवळजवळ नाहीसा करण्याची करामत. चांगल्या लावलेल्या धारेची जाडी १ मायक्रोमीटरच्या आसपास असते. केसाची जाडी याच्या पन्नास-साठपट भरते. अशा धारेची १ सेंटिमीटर लांबी एखाद्या वस्तूवर टेकवून १ किलोचा जोर दिला तर दाब होतो हवेच्या दाबाच्या सुमारे १० हजार पट. टोमॅटोची साल त्यापुढे काय टिकणार! पण एवढी बारीक कड लवकर बिघडते, आणि ती नुसती झिजून बिघडत नाही. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाढीच्या पात्यांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरीही केसाने पात्याच्या कडेचे टवके उडत होते. केस पात्याला तिरका लागला आणि पोलादाची सूक्ष्मरचना त्या जागी असमान असली की टवका निघतो.

धार गेली आहे का हे बघायला नखावर घासायची गरज नाही. खिडकीशी उभं राहायचं, धार वर करून पातं डोळ्यासमोर धरायचं आणि हळूहळू उजेडात फिरवायचं. चांगली कड उजेड परतवण्याइतकी रुंद नसते, म्हणून ती दिसतच नाही. बोथट जागा तेवढी चमकते. काल संध्याकाळी मी असं बघितलं तर टोकापासून अर्ध्या इंचावर एक पांढरा ठिपका लकाकला. निसणा पाण्यात भिजत घातला आहे.