चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या : पिसारोच्या ‘झले ब्लांश’ची पार्श्वभूमी

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातले चित्रकार कामीय पिसारोचे ‘झले ब्लांश’ (म्हणजे ‘गोठलेले पांढरे दव’) हे चित्र १८७३ सालचे. पॅरिस परिसरातल्या पाँत्वाझ गावाजवळच्या एनरीकडे जाणारी वाट, दव गोठून पांढुरकी पडलेली नांगरट, आणि पाठीवर लाकडाची मोळी घेऊन काठी टेकत निघालेला एक शेतकरी. विषय एवढाच. तरी त्या काळच्या पॅरिसला तो पचला नाही.

पिसारोचा जन्म १८३० सालचा, तोही फ्रान्समधला नव्हे, तर डेन्मार्कच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांपैकी सेंट थॉमस बेटावरचा. १८५५ मध्ये तो पॅरिसला आला आणि निसर्गचित्रकार कोरोकडून उघड्यावर बसून निसर्ग न्याहाळायला शिकला. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो कुटुंबासह लंडनला गेला. मागे पॅरिसजवळच्या लूव्हसिएन गावातल्या त्याच्या घरात प्रशियाचे सैनिक राहिले. परतल्यावर त्याच्या हाती पूर्वीच्या कामातले फारच थोडे लागले. पायाला चिखल लागू नये म्हणून सैनिकांनी त्याची चित्रे जमिनीवर अंथरली होती. वर्षानुवर्षांची मेहनत अशी मातीत गेल्यावरही हा माणूस १८७२ मध्ये पाँत्वाझला बिऱ्हाड हलवतो आणि पुन्हा शेतांपुढेच उभा राहतो, याचे मला फार मोल वाटते.

१८७४ च्या एप्रिल-मेमध्ये ‘सलाँ’ या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाला डावलून काही चित्रकारांनी छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन भरवले. दृक्प्रत्ययवाद्यांचे, म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचे, हे पहिले प्रदर्शन. पिसारोच्या पाच चित्रांत हेही होते. ‘शारिव्हारी’ नियतकालिकात लुई लरुआने त्याची टर उडवली : या कसल्या सऱ्या, मळक्या कॅनव्हासवर पॅलेटची खरवड तेवढी थापलेली दिसते! दुसरा समीक्षक कास्तान्यारी याने कारागिरीची तारीफ केली, पण दोन तक्रारी नोंदवल्या. एक म्हणजे चित्रकाराला भाजीच्या मळ्यांचा आणि कोबीचा भलताच सोस आहे. दुसरी, चित्रात नसलेल्या झाडांच्या सावल्या त्याने शेतावर पाडल्या आहेत.

खरे तर त्या सावल्यांतच चित्राचा जीव आहे. जवळून पाहिले तर त्या काळ्या किंवा तपकिरी नाहीत. निळसर, करड्या आहेत, कारण गोठलेल्या दवावर आकाशाचा रंग उतरतो. तिरप्या पट्ट्यांनी त्या वाट आणि नांगरट कापत जातात, त्यामुळे झाडे न दाखवताही सूर्य किती खाली आहे ते कळते. रंगही गुळगुळीत घोटलेला नाही. कोरडा, जाडसर रंग कुंचल्याच्या लहान फटकाऱ्यांनी एकावर एक बसवला आहे, आणि त्या खरखरीतपणामुळेच ढेकळांवरचा पांढरा थर डोळ्यांना जाणवतो. लरुआला जी खरवड वाटली, ती माझ्या मते मातीशी केलेली इमानदारी होती.

याच काळात चित्रकार पॉल सेझान पिसारोच्या शेजारी बसून पाँत्वाझ परिसरात चित्रे काढत होता. पुढे सेझान दृक्प्रत्ययवाद्यांच्या गटातून बाहेर पडला, गटातला चित्रकार क्लोद मोनेही काही प्रदर्शने टाळू लागला. १८८६ पर्यंतच्या गटाच्या आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा पिसारो एकटाच. पन्नाशीच्या वयात त्याने आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या जॉर्ज सरा या चित्रकाराची, रंगाचे ठिपके मांडून चित्र उभे करण्याची पद्धत उचलली. काही वर्षांनी ती सोडलीही, कारण समोरच्या निसर्गाचा पहिला ठसा त्या संथ कामात हातून निसटत होता.