जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन बांधून घ्यावे की बदलावे?

(ट्रॅक्टरमालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हडपसर येथील आमच्या वर्कशॉपमध्ये हवेली, दौंड, शिरूर आणि पुरंदर तालुक्यांतून येणारे अनेक ट्रॅक्टरमालक एकच प्रश्न विचारतात: इंजिन उतरवून पुन्हा बांधून घ्यावे, की दुसरे टाकून मोकळे व्हावे? ट्रॅक्टर दारात उभा असताना याचे उत्तर देता येत नाही. नुसता आवाज ऐकून ते देणाऱ्या मेकॅनिकच्या हाती आम्ही तरी स्वतःचा ट्रॅक्टर दिला नसता. इंजिन उघडून मापे घेतल्यानंतरच निर्णय करावा, असा आमचा आग्रह आहे आणि त्याची कारणे या पत्रकात दिली आहेत.

दोष इंजिनचाच आहे का?

काळा धूर येतो आणि ओढ कमी झाली आहे एवढ्यावरून इंजिन गेले असे समजू नये. चोंदलेला एअर क्लीनर, डिझेल फवारणारे खराब नोझल किंवा बिघडलेला डिझेल पंप यांमुळेही हेच होते आणि त्यांची दुरुस्ती पुष्कळ कमी खर्चात भागते. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे हे खरे, परंतु ते झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधूनही (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीतूनही) उतरत असू शकते. भार दिल्यावर ब्रीदरमधून (इंजिनच्या आतले वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने धूर येऊ लागला आणि त्याबरोबर ऑइलही फेकले जाऊ लागले, तर मात्र रिंगा (पिस्टनवरची कडी) व लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) झिजल्याचा संशय बळावतो. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. अशा वेळी ट्रॅक्टर चालवत आणू नये, ट्रेलरवर घालून आणावा.

तासांच्या मीटरवर फार विसंबू नये. जुन्या ट्रॅक्टरांचा यांत्रिक मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवर केलेले काम तो कमी तासांचे दाखवतो, आणि पुष्कळदा तर त्याची केबलच तुटलेली असते.

ब्लॉक आणि क्रँक

बहुतेक ट्रॅक्टरांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पुढच्या एक्सलचा सपोर्ट इंजिनला बसवलेला असतो आणि इंजिनच्या मागे क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स व मागचे हाउसिंग बोल्टने जोडलेले असते; म्हणजे इंजिनचा ब्लॉक (मुख्य ओतीव सांगाडा) हाच ट्रॅक्टरचा कणा असतो. म्हणूनच इंजिन काढायचे म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडावा, म्हणजे दोन भागांत वेगळा करावा लागतो. दुसऱ्या मॉडेलचे इंजिन बसवायचे तर हाउसिंगची भोके, फ्लायव्हील, क्लच आणि पुढचा सपोर्ट असे सगळेच जुळवत बसावे लागते. हाउसिंगच्या बोल्टांजवळ ब्लॉकला तडा गेला असेल, तर नांगरटीचा सगळा ताण तिथूनच जातो. तिथे वेल्डिंगवर भरवसा ठेवू नये.

हेड (ब्लॉकवरचे झाकण) उतरवले की आम्ही ग्राहकाला लायनरच्या वरच्या टोकाला आतून नख फिरवून पाहायला सांगतो. सर्वांत वरची रिंग जिथपर्यंत येऊन थांबते तिथे उष्णता व दाब सर्वाधिक आणि ऑइल सर्वांत कमी असते. त्यामुळे झीजही तिथेच जास्त होते आणि तिच्या वर न झिजलेल्या भागाची एक पायरी उरते. त्या पायरीला नख अडकले की पुढची चर्चा सोपी होते. त्यानंतर बोअर गेजने प्रत्येक लायनर वर, मध्ये व खाली, उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी मोजून आम्ही आकडे कागदावर लिहून देतो. तास कमी असूनही ही झीज भारी दिसली, तर एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंत हवा नेणाऱ्या होजमध्ये चीर किंवा ढिली क्लिप हमखास शोधावी, कारण उन्हाळ्यात कोरड्या रानात रोटाव्हेटर चालताना उडालेली धूळ तिथूनच आत जाते. ते छिद्र तसेच राहिले तर नव्या लायनरचीही तीच गत होते.

लायनर, पिस्टन, रिंगा, बेरिंग हे बदलायचेच भाग आहेत, त्यांची झीज पाहून घाबरू नये. निर्णय फिरतो तो क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) आणि ब्लॉकवर. क्रँकचे जर्नल (बेरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) साधारणपणे ०.२५, ०.५० आणि ०.७५ मिलिमीटर अशा टप्प्यांनी ग्राइंड करून त्या मापाची बेरिंगे घालता येतात; शेवटचा टप्पा आधीच गाठला असेल किंवा मॅग्नाफ्लक्स तपासणीत (चुंबकाच्या साहाय्याने बारीक तडे शोधण्याच्या) तडा दिसला, तर नवीन क्रँकचा खर्च धरावा लागतो. वेट लायनरच्या, म्हणजे लायनरभोवती थेट पाणी फिरणाऱ्या इंजिनमध्ये लायनरची वरची कडा ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी वर राहिली पाहिजे. लायनर ज्यावर टेकतो ती ब्लॉकमधली बैठक खचून कडा खाली गेली असेल, तर बैठक मशिनवर दुरुस्त न करता नवे लायनर बसवणे म्हणजे हेड गॅस्केट पुन्हा उडण्याची वाट पाहणे होय. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी भरणाऱ्यांच्या ब्लॉकमध्ये क्षारांचा थर बसलेला असतो, आणि लायनरला बाहेरून खड्डेही पडलेले आढळतात. कूलंट वापरण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

ब्लॉक धड आहे, क्रँकला अजून ग्राइंडिंगची जागा आहे आणि सुटे भाग मिळतात, अशा वेळी पूर्ण बांधणीच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. झिजून अंडाकृती झालेल्या लायनरमध्ये फक्त नव्या रिंगा घालण्याचे हाफ काम आम्ही घेत नाही. त्या रिंगा नीट बसत नाहीत आणि ऑइल पुन्हा जळू लागते.

बदलायचेच असेल तर

ब्लॉक निकामी असल्यास त्याच मॉडेलचा नवा शॉर्ट ब्लॉक (क्रँक व पिस्टन बसवलेला, हेडशिवायचा ब्लॉक) कंपनीच्या डीलरकडून मिळतो का, हे आधी पाहावे. बंद पडलेल्या मॉडेलांची अडचण वेगळी असते. उदाहरणार्थ, एचएमटीचा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. अशा ट्रॅक्टरांसाठी बाजारातल्या इतर उत्पादकांच्या भागांवर अवलंबून राहावे लागते आणि त्यांची मापे बसवण्यापूर्वी तपासून घ्यावी लागतात. भंगार बाजारातले जुने इंजिन हा आमच्या मते शेवटचा पर्याय आहे, कारण ते स्वस्त मिळाले तरी उघडून मोजण्याचा खर्च टळत नाही. तसे घेतल्यास पक्के बिल आणि मूळ वाहनाची कागदपत्रे मागावीत. ती देण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडून द्यावा.

इंजिनचा क्रमांक ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर नोंदलेला असतो. त्यामुळे इंजिन बदलण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी असलेल्या आरटीओची परवानगी घ्यावी आणि नंतर आरसीवर नवीन क्रमांकाची नोंद करून घ्यावी. एमएच १२ साठी पुणे, एमएच १४ साठी पिंपरी-चिंचवड आणि एमएच ४२ साठी बारामती ही कार्यालये आहेत. ट्रॅक्टरवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेची संमती आधी घ्यावी, आणि विमा कंपनीलाही कळवावे.

पूर्ण बांधणीचा अंदाज ट्रॅक्टरच्या आजच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्यापुढे जात असेल आणि गिअरबॉक्स व हायड्रॉलिकही थकलेले असतील, तर आहे त्या स्थितीत ट्रॅक्टर विकण्याचा विचार करावा. हा नियम नव्हे, आमचा ठोकताळा आहे.

कामाची पद्धत

उसाचा हंगाम संपला की सगळेच एकदम येतात आणि मृगाआधी ट्रॅक्टर हवा म्हणतात. मशिनशॉपवर तेव्हा रांग असते, म्हणून निदान तपासणी तरी लवकर करून घ्यावी. उघडणे व मोजणे यांचे शुल्क आम्ही वेगळे घेतो, आणि लेखी अंदाजावर आपली सही झाल्याखेरीज एकही भाग मागवत नाही. काम करायचे नाही असे ठरल्यास सर्व भाग खुणा करून पेटीत भरून परत दिले जातात.

बांधलेल्या इंजिनवर पहिले ५० तास मध्यम भाराचेच काम द्यावे: खोल नांगरट किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणे टाळावे, तसेच ते तासन्‌तास रिकामे चालतही ठेवू नये, कारण भाराशिवाय रिंगा लायनरला बसत नाहीत. ५० तास झाल्यावर ऑइल व फिल्टर बदलण्यासाठी ट्रॅक्टर आमच्याकडे आणावा. हेडचे बोल्ट पुन्हा आवळण्याची सूचना कंपनीच्या पुस्तिकेत असेल तर ते काम त्याच वेळी केले जाते. काढलेले जुने भाग आपल्या समोर मोजून आपल्या ताब्यात दिले जातील.