आरोग्यसवयी : स्वभाव आणि सामाजिक परिस्थिती

माणूस रोज काय खातो, किती झोपतो, तंबाखू-दारूला शिवतो की नाही, औषधे वेळेवर घेतो का, दुखणे अंगावर काढतो की दवाखान्याची पायरी चढतो, अशा नित्याच्या वागणुकीला आरोग्यसवयी म्हणतात. त्या घडण्यामागे एकीकडे व्यक्तीचा स्वभाव असतो, तर दुसरीकडे तिची कमाई, शिक्षण, कामाचे स्वरूप, घर, शेजार आणि ती स्त्री आहे की पुरुष ही परिस्थिती असते. मानसशास्त्राने बराच काळ पहिल्या बाजूकडे लक्ष दिले आणि कोणत्या लोकांत कोणते रोग किती होतात हे पाहणाऱ्या साथरोगशास्त्राने दुसऱ्या. प्रत्यक्ष जगण्यात मात्र या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतलेल्या असतात.

स्वभावाचा परिणाम खरा आहे. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालू राहिला. त्यातील नोंदी तपासून हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले, की लहानपणी जबाबदार आणि नेटाने काम करणारी मानली गेलेली मुले सरासरीने जास्त जगली. हसतमुख, खेळकर मुलांना तसा लाभ झालेला दिसला नाही, उलट त्यांचे आयुष्य काहीसे कमीच भरले. शिस्तप्रिय माणसे कमी धूम्रपान करतात, दारू बेताने पितात, गाडी सांभाळून चालवतात, हे १९४ अभ्यास एकत्र करून २००४ मध्ये मांडले गेले. न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या अभ्यासातही बालपणीच्या आत्मसंयमावरून बत्तिसाव्या वर्षीच्या प्रकृतीचा अंदाज बांधता आला, आणि घरची स्थिती व बुद्धिमत्ता हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकला.

स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. पण तारुण्यापासून मध्यमवयापर्यंत बहुतेकांच्या अंगी शिस्त वाढत जाते असे आढळले आहे. स्थिर नोकरी, संसार, मुलांची जबाबदारी यांचा त्यात वाटा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला आपण जन्मजात म्हणतो, त्यातही परिस्थितीचा हात असतो.

या विषयाच्या इतिहासातील एक प्रकरण विसरता कामा नये. सॅन फ्रान्सिस्कोतील हृदयरोगतज्ज्ञ मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी १९५० च्या दशकात ‘टाइप ए’ स्वभावाची कल्पना मांडली: सतत घाईत, चढाओढीत आणि रागात असणाऱ्या माणसाला हृदयविकार लवकर गाठतो. तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या सुरुवातीच्या अभ्यासात तसे दिसले, पण त्याच लोकांच्या पुढील दीर्घकाळच्या नोंदींनी त्याला दुजोरा दिला नाही. पुढे उघड झालेल्या कागदपत्रांतून कळले, की सिगारेट कंपन्यांनी या संशोधनाला अनेक वर्षे पैसा पुरवला होता. रोगाचे खापर स्वभावावर फुटले की सिगारेट सुटते, हे त्यांनी ओळखले होते. कर्करोग विशिष्ट स्वभावाच्या माणसांना होतो, असे सांगणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनाही तंबाखू उद्योगाचे पैसे मिळाले होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने २०१९ मध्ये त्यांचे सव्वीस शोधनिबंध विश्वासार्ह नसल्याचे ठरवले. स्वभाव आणि आरोग्य यांचे नाते मांडताना त्या मांडणीचा फायदा कोणाला होतो, हेही म्हणून पाहावे लागते.

परिस्थितीच्या बाजूचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून आला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचारी होते. त्यांत कोणी अन्नाला मोताद नव्हते आणि सरकारी आरोग्यसेवा सर्वांना मोफत होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपायांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर धोका थोडा थोडा वाढत गेला होता. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होते हे खरे, पण सवयींनी या तफावतीचा काही भागच उलगडला. साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांनी या कामातून पुढे असे मांडले, की आपल्या कामावर आपला ताबा नसणे ही शरीराला झिजवणारी एक मोठी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात ही गुंतागुंत पाहायची तर तंबाखूकडे पाहावे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. त्यात मशेरीला वेगळे स्थान आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड दातांना लावतात. बाईने विडी ओढलेली गावाला खपत नाही, पण मशेरी लावणे दात घासण्यातच जमा होते, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. आजीकडून आईला आणि आईकडून मुलीला ती मिळते. दाढ दुखली की मशेरी, पोट साफ होत नाही म्हणून मशेरी, आणि पुढे दिवसातून अनेकदा मशेरी. उपाशीपोटी कामाला लागणाऱ्या बाईची भूकही तिने मरते. गरोदरपणी ती चालू राहिली तर बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. ती लावणारीच्या स्वभावात आत्मसंयम कमी आहे, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. घरादाराला उठवून, पाणी भरून, भाकऱ्या थापून मजुरीला जाणाऱ्या बाईइतकी शिस्त कोणाकडे असते?

तीच गोष्ट पाणी पिण्याची. भरपूर पाणी प्या, हा सल्ला प्रत्येक डॉक्टर देतो. पण दिवसभर बाहेर काम करणाऱ्या स्त्रिया मुद्दाम पाणी कमी पितात, कारण जवळ स्वच्छ मुतारी नसते. ऊसतोडीच्या फडात, बाजारात भाजी विकताना, बंदोबस्ताच्या ड्युटीवर हेच घडते. मूत्रमार्गाचा संसर्ग त्यातून येतो. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेने स्त्रियांसाठी मोफत, सुरक्षित मुताऱ्यांची मागणी लावून धरली, ती यासाठीच.

टंचाईचा भार मनावरही पडतो. तामिळनाडूतील ४६४ ऊस शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, बौद्धिक चाचणी घेतली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीच माणसे तंगीच्या दिवसांत कमी पडलेली दिसली. लहान मुलांपुढे मिठाई ठेवून त्यांचा धीर पाहणाऱ्या प्रसिद्ध प्रयोगाचेही असेच झाले. थांबू शकणारे मूल पुढे यशस्वी होते, असे त्यावरून वर्षानुवर्षे सांगितले गेले, पण २०१८ मधील मोठ्या फेरतपासणीत घरची परिस्थिती हिशेबात धरताच तो संबंध बराच फिका पडला.

या समजुतीनुसार उपायही बदलत आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्यशिक्षणाच्या जोडीला धोरण, परिसर आणि लोकसहभाग यांना स्थान दिले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी चोरटी विक्री थांबलेली नाही. २००९-१० मध्ये राज्यात ३१.४ टक्के असलेले तंबाखूसेवन पुढच्या, २०१६-१७ च्या सर्वेक्षणापर्यंत २६.६ टक्क्यांवर उतरले. गडचिरोलीत २०१६ पासून शासन, ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने चाललेल्या ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमात व्यसनी माणसावर उपचार होतात, आणि त्याच वेळी गावची संघटना दारू-तंबाखूची विक्री बंद करण्याच्या मागे लागते.